तरवडापायी जावेला मारलेली थाप

मंडळी, आज माझं चुकलंच.

सांगलीत मी कुंडीत तीनदा तरवड लावला. खत घातलं, रोज पाणी दिलं, तरी तिन्ही रोपं कुजली. आज जतला धाकट्या जावेकडे गेले, तर घरामागचा खडकाळ माळ तरवडाच्या पिवळ्या फुलांनी भरलेला!

"ह्याला पाणी कोण घालतं गं?" मी विचारलं.

"आवं अक्का, कोण घालतंय? आपलं आपणच येतंय. शेरडंबी तोंड लावत न्हाईत."

माझा नुसता जळफळाट झाला. पटकन बोलून गेले, "आमच्या कुंडीतपण लय फुललाय."

ती मनापासून हरखली. "व्हय? मग रविवारी बघायलाच येती!"

इवल्याइवल्या पानांच्या झुडपासाठी मी तिच्याशी खोटं बोलले. आता फोन करून खरं सांगायला जीभ रेटत नाही. तुम्ही काय केलं असतं?