शेवटचा खांदा

आमच्या कुशेंडॉल गावात रोझलीन मॅकॉलीला ओळखत नाही असं घर नाही, कारण प्रत्येक घरच्या मयतीनंतर तिच्या हातचा चहा झालेला आहे. चर्चच्या सभागृहामागचं स्वयंपाकघर तिने एकतीस वर्षं सांभाळलं. दफन आटोपून लोक थंडीने काकडत आत आले की अंड्या-कांद्याचे सँडविच, हॅम, खोबऱ्याचे केक आणि कडक चहा त्यांच्यापुढे तयार असायचा. ती स्वतः कधी बसायची नाही. किटली घेऊन टेबलांमधून फिरायची आणि बघायची. कोण कुणाशेजारी बसलं, कुणी कुणाला साखर पुढे केली, कुठला भाऊ दारातूनच परत गेला. शेताचा वाद मिटला की पेटला, हे वकिलाच्या आधी तिला कळायचं. पण ती कुठे बोलायची नाही. "चहावालीने तोंड उघडलं की पुढच्या वेळी लोक तिच्यासमोर गप्प बसतात," असं तिचं म्हणणं.

बोलायची ती फक्त मंगळवारी, वाचनालयात. तिथे मी पुस्तकं देते-घेते. दर मंगळवारी दुपारी चारला सात-आठ जण खुर्च्या ओढून बसायचे आणि 'राखेचा किनारा' या मालिकेवर भांडायचे. मालिकेचं चित्रीकरण आमच्याच डोंगरावरच्या जुन्या खाणीत चालायचं, त्यामुळे खोऱ्यातलं कुणी ना कुणी तिथे कामाला होतंच. कुणाचे घोडे, कुणाची सुतारकी. रोझलीनची भाची ब्रोना, म्हणजे भावाची मुलगी, तिथे कपडेपटात शिवणकाम करायची. मालिकेतली राणी इल्वेत, तिचा भाऊ काद्रेक आणि टेकड्यांवरचा तिचा हाडवैरी सरदार तोर्गन हे तिघं आमच्याकडे शेजारपाजारच्या माणसांसारखे झाले होते.

शेवटच्या भागांत काय होणार, यावर नोव्हेंबरात जोरात वाद पेटला. वेस्ली हेरन, जन्मभर दुधाचा टँकर चालवलेला माणूस, ठामपणे म्हणाला की तोर्गन राणीचा किल्ला जाळणार.

"जाळतोय कशाला?" रोझलीन म्हणाली. "त्यांचं कधीच जमलंय."

"तोर्गनचं आणि राणीचं? अगं, त्याने तिचे दोन काका मारलेत."

"मग? तुझ्या मेहुण्याने अकरा वर्षं तुझं नाव टाकलं होतं. आता रविवारी कुणाकडे जेवतोस?"

सगळे हसले. वेस्लीही हसला, पण मग म्हणाला, "पुरावा दे."

तिने दिला. दुसऱ्या वर्षीच्या भागांत राणीच्या बापाचा अंत्यविधी होता. शवपेटी किल्ल्यापासून समुद्रापर्यंत नेतात, खांदेकरी पाळीपाळीने बदलतात. आमच्याकडेही तसंच असतं. गावातले सगळे थोडंथोडं अंतर खांदा देतात, पण शेवटचा, कबरीपर्यंतचा खांदा घरच्यांचा. मालिकेत त्या शेवटच्या खांद्याला तोर्गन होता. दोन-तीन क्षण दिसतो, बाकी सगळं धुकं. आणि पोटचा मुलगा काद्रेक रांगेत मागे नुसता चालतोय.

"शेवटच्या खांद्याला कुणी आपणहून जात नाही," रोझलीन म्हणाली. "घरचं माणूस नाव घेऊन बोलावतं. त्या घरात बोलावणारी राणीच. म्हणजे वैर तेव्हाच मिटलंय, फक्त कुणाला सांगितलेलं नाही. आणि ज्याला स्वतःच्या बापाच्या शेवटच्या खांद्याला बोलावत नाहीत, त्याचं त्या घरात काही उरलेलं नसतं. काद्रेकला बहीणच मारणार. तोर्गनच्या माणसांकडून."

 मला ते इतकं पटलं, की मीच म्हटलं, हे मालिकेच्या चाहत्यांच्या संकेतस्थळावर टाकू. तिने सांगितलं, मी टंकलं. खाली नाव काय द्यायचं विचारलं तर म्हणाली, "किटली." हजारो लोकांनी ते वाचलं. निम्म्यांनी वेड्यात काढलं, निम्मे डोकं धरून बसले. रोझलीनला त्या आठवड्यात फार मजा आली.

फेब्रुवारीत ब्रोना भर दुपारी वाचनालयात आली. कामाचा एप्रन अंगावरच होता.

"आत्या, तू इंटरनेटवर काय लिहिलंस?"

रोझलीनने सांगितलं.

"मला कामावर येऊ नकोस म्हणाले. 'किटली' कोण, हे खोऱ्यात कुणाला माहीत नाही? शेवटच्या भागातलं सगळं तू लिहिलंयस म्हणे, अगदी तोर्गनच्या माणसांसकट. मी फोडलं असं त्यांना वाटतंय. मी गुप्ततेच्या कागदावर सही केलीय, आत्या."

"पण तू मला कधी काही सांगितलं नाहीस."

"सांगायला मला माहीत तरी काय असतं? मला मापं देतात. छाती, उंची, बाही. मेलेल्याचा झगा शिवतेय की जिवंताचा, तेही कळत नाही." ती खुर्चीत बसली. "मी शपथेवर सांगितलं. तर कंपनीच्या कचेरीतला तो बाबा म्हणाला, मग तुमच्या आत्याला कसं कळलं? मी म्हटलं, ती बघते. तो हसला."

त्या हसण्याने रोझलीनचा चेहरा बदलला. भाचीचं काम गेलं याचं वाईट वाटणं वेगळं; हे त्याहून खोल लागलं होतं. तिने एकच विचारलं, "हसला म्हणजे कसा हसला?" 

पुढच्या मंगळवारी तर आणखीच झालं. वेस्लीने खुर्ची जवळ ओढून आवाज खाली आणला. "आपल्यातच राहील, रोझलीन. ब्रोनाने थोडंफार सांगितलं होतं ना?"

रोझलीन म्हणाली, "तू तिथेच बसला होतास. पुरावा मागितलास, मी तुझ्यासमोर मांडला. तेव्हा तुला पटला होता."

"पटला होता. पण इतकं तंतोतंत..."

"मी वकील असते, मास्तरीण असते, तर तंतोतंत चाललं असतं. चहावालीला मात्र कुणीतरी सांगावं लागतं, होय ना?" तिने कोट उचलला. "तुझ्या आईच्या मयतीला तुझ्या बहिणीने कुणी पुढे केलेला कप घेतला नाही, ते मला आजही आठवतंय. ते मला कुणी सांगितलं होतं?"

वेस्ली लाल झाला. ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी तिला गाडीतून मालिका काढणाऱ्या कंपनीच्या कचेरीत घेऊन गेले. तिने मयतीला घालायचा काळा कोट घातला होता. हेल नावाचे गृहस्थ भेटले, लंडनहून आलेले, फार सभ्य. कॉफी मागवली. रोझलीनने माझ्या टॅबवर ते दृश्य लावलं, धुक्यातल्या तोर्गनवर बोट ठेवलं आणि नोव्हेंबरात सांगितलं तेच पुन्हा सांगितलं, शब्द न वाढवता.

हेलनी शांतपणे ऐकून घेतलं. "बाई, मी संहिता पुन्हा काढून बघितली. त्या खांद्याबद्दल त्यात एक ओळ नाही. त्या दिवशी माणसं कमी पडली असतील, नट जवळ उभा होता, त्याला घेतला. योगायोग आहे तो."

"म्हणजे ज्यावरून मी ओळखलं, ते तिथे नव्हतंच?"

"मी असं म्हणतोय की त्यावरून हे ओळखता येणं शक्य नाही. जगभरात लाखो लोक अंदाज बांधतात. विद्यापीठातली माणसं आहेत त्यांत. कुणालाही हे जमलं नाही. तुम्ही... तुम्ही काय करता?"

"मयतीला चहा देते."

त्यांनी मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, "तुमच्या भाचीबद्दल माझ्या मनात राग नाही. तिने कबूल केलं तर आम्ही प्रकरण वाढवणार नाही."

"न केलेलं कबूल करायला मी तिला शिकवलेलं नाही," रोझलीन म्हणाली आणि उठली. कॉफीला तिने हात लावला नव्हता.

 परतीच्या अर्ध्या रस्त्यात ती एकदम म्हणाली, "माणसं कमी पडली तर उपऱ्याला मधल्या कुठल्या तरी खांद्याला घुसवतात. शेवटच्या नाही. हे ज्याला माहीत आहे अशाच माणसाने त्याला तिथे उभं केलंय. युजीनकडे वळव."

युजीन डफिन आमच्याकडे अंत्यविधीची व्यवस्था बघतो. त्याची आणि रोझलीनची ओळख तिच्या चहाइतकीच जुनी. तो माणसं पुरायचा, ती उरलेल्यांना खायला घालायची. त्या दृश्याच्या वेळी खांदेकऱ्यांना शिकवायला कंपनीने त्याला दोन दिवस नेलं होतं, आणि त्या दोन दिवसांच्या गोष्टी त्याने गावाला वर्षभर ऐकवल्या होत्या. आम्ही गेलो तेव्हा तो शववाहिनीच्या काचा पुसत होता.

"तोर्गनला शेवटच्या खांद्याला तू लावलंस?"

"मीच लावला."

"माणसं कमी होती म्हणून?"

"कमी कसली? चाळीस जण थंडीत कुडकुडत उभे होते." मग त्याने फडकं खाली ठेवलं. "लेखिका आली होती ना माझ्याकडे. म्हणाली, मिस्टर डफिन, तुमच्याकडे एखाद्या घराचं वैऱ्याशी जुळलं, तर एक शब्द न बोलता लोकांना कसं कळतं? मी म्हटलं, शेवटच्या खांद्याला बोलावलं की कळतं. ती म्हणाली, मग त्याला तिथे ठेवा, पण हे कुणाला सांगू नका. नंतर आभाराचा मेसेजही आला. आहे अजून फोनवर."

रोझलीन शववाहिनीला टेकली. "आणि ब्रोनाला घरी बसवल्याचं तुला कळलं नव्हतं?"

"कळलं होतं, पण कशावरून ते कुठे माहीत होतं? आणि सही मीही केलीय, रोझलीन. माझ्या मागे लागले तर?"

"युजीन, एका पोरीला खोटं ठरवून घरी बसवलंय. मला वेड्यात काढलंय, ते राहू दे. तू सही सांभाळत बस, मी पुन्हा तुझ्याबरोबर एकाही मयतीला उभी राहणार नाही."

त्याने तिथल्या तिथे लेखिकेला फोन लावला. त्याने तिला सगळं सांगितलं. मग तिने रोझलीनलाच फोनवर बोलावलं आणि विचारलं की काद्रेकचं कशावरून ओळखलंत. रोझलीनने सांगितलं. लेखिका म्हणाली, "तेवढ्यासाठीच तो शॉट ठेवला होता. तीन वर्षांत कुणाच्या लक्षात आला नव्हता."

तिने कचेरीला काय सांगितलं ते आम्हाला ठाऊक नाही. घरी बसवल्यापासून तेविसाव्या दिवशी ब्रोनाला पत्र आलं: गैरसमजातून झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, सोमवारपासून यावं. ब्रोना म्हणाली, जाऊ की नको? रोझलीन म्हणाली, "काम तुझं आहे, हेलचं नाही. जा. पण मान खाली घालून आत शिरू नकोस."

त्याच पाकिटात रोझलीनसाठी वेगळा कागद होता. मालिका संपेपर्यंत कथेबद्दलचे आपले अंदाज कुठेही प्रसिद्ध करणार नाही, अशी हमी. माफीचा शब्द नाही. खाली सहीसाठी रेघ. तिने तो वाचनालयात सगळ्यांना वाचून दाखवला.

"चोर म्हणाले, ते मागे घेतलं. आता म्हणतात, विचार करायला आमची परवानगी घ्या." तिने कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली. सही केली नाही. त्या आठवड्यात उलट तिने माझ्याकडून अंदाजांची आणखी तीन पानं टंकून घेतली आणि खाली 'किटली' न लिहिता पूर्ण नाव दिलं, पत्त्यासकट.

शेवटचे भाग ऑक्टोबरात दाखवले. तोर्गन राणीच्या बाजूने उभा राहिला, काद्रेक पुलावर मेला, तोर्गनच्या माणसांच्या हातून, बहिणीच्या हुकमाने. तीन पानांत लिहिलेल्यातलं निम्मं मात्र चुकलं, हे ती स्वतःच मोजून सांगायची. मंगळवारी वेस्ली उभा राहून म्हणाला, "फेब्रुवारीत मी तुला जे विचारलं, ते विचारायला नको होतं."

"नको होतं," ती म्हणाली. "बस आता." त्यानंतर ती त्याच्याशी बोलायला लागली, पण आवाज खाली आणून जवळ आलेला तिला आजही खपत नाही.

मालिका संपल्यावर कंपनीचा फोन आला. शेवट ओळखणाऱ्या बाईंचा फोटो वर्तमानपत्रात द्यायचा होता, खाणीत, तोर्गनच्या नटाबरोबर. रोझलीनने मला उत्तर टंकायला सांगितलं. ब्रोना मॅकॉलीने काही फोडलं नव्हतं आणि तिला तेवीस दिवस विनाकारण घरी बसवलं, हे हेलसाहेबांच्या सहीने त्याच वर्तमानपत्रात छापा, मग येते. मी म्हटलं, थोडं मऊ लिहू का? ती म्हणाली, नको.

याला पाच महिने झाले. उत्तर आलेलं नाही. मंगळवारी आल्या आल्या ती विचारते, मी नाही म्हणते, मग ती कोट काढून खुर्चीत बसते.