शिवेवर थांबलेली लाईटगाडी

बालाघाटातली विजेची गाडी तिच्या शेवटच्या फेरीत, दसऱ्यानंतरच्या रविवारी दुपारी, घाटमाथ्यावर थांबली. याला आता सात-आठ वर्षं होतील. ती तिथे थांबणार नव्हती. ती का थांबली याचं खरं कारण त्या दिवशी तिथे असलेल्या शेकडो माणसांपैकी एकालाच ठाऊक आहे, आणि त्याने ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही — बायकोला नाही, संपादकांना तर नाहीच. तो माणूस मी.

सांगायला एक वाक्य पुरे. कोण, काय, कुठे, कधी — हे पहिल्या ओळीतच उरकायचं, असं आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं. मग या एका बातमीतलं 'कोण' लिहायला मला इतकी वर्षं का लागली? थांबा. आधी गाडी सांगतो.

गाडी लहानशी होती. निजामाच्या राजवटीत खाणीतला काळा दगड डोंगराखाली आणायला अरुंद रूळ टाकले गेले. पुढे त्यांच्यावरून तारा ओढल्या आणि विजेचं इंजिन आलं. इंजिनामागे दगडाचे डबे आणि सगळ्यात शेवटी लाकडी बाकांचे दोन डबे, कामगारांसाठी. कामगारांसाठी हे आपलं नावाला. त्यात बाजाराला निघालेल्या बाया बसत, शेळ्या बसत. एकदा वऱ्हाडाचा बँड बसला होता, तो अख्खा घाट वाजवत चढला. आमच्याकडे विजेला लाईट म्हणतात, म्हणून ही लाईटगाडी. मध्येच थांबली तर कोणी खिडकीतून डोकंसुद्धा बाहेर काढत नसे. लाईट गेली असणार. शिदोरी सोडायची, लाईट आली की गाडी निघेल.

इंजिनाच्या टपावर एक लांब दांडी होती. तिचं टोक वरच्या तारेला टेकलेलं असायचं, आणि तिथून इंजिनाला वीज मिळायची. दांडीला दोरी बांधलेली. ती दोरी हातात घेऊन इंजिनाच्या मागच्या फळीवर एक माणूस उभा असे. वळणावर दांडी तारेवरून उडू नये, एवढं त्याने बघायचं. धोंडूमामांनी हे काम हयातभर केलं. धनगराच्या घरचे, भाऊ मेंढ्या राखायचे, हे दोरी राखायचे. माणूस पक्का बढाईखोर. "आपल्या हातून तार कदी सुटली न्हाई," हे ते चहाच्या टपरीवर, लग्नात, मयतीतसुद्धा सांगत. कोणी म्हणे, "मामा, परवा वळनावर सुटलीच की." त्यावर मामांचं उत्तर तयार — "ती लाईट गेलती बे!"

नवा घाटरस्ता झाला, दगड ट्रकने जाऊ लागला आणि कंपनीने लाईन बंद करायचं ठरवलं. मी अंबाजोगाईत एका दैनिकाचा बातमीदार होतो. मला वाटलं होतं, लोक हळहळतील. पण तो आठवडा ऊसतोडीला निघायचा होता. पुढच्या चार-सहा दिवसांत वरच्या गावातली निम्मी घरं टोळ्यांबरोबर कारखान्यांवर जाणार, ती थेट उन्हाळ्यात परतणार. सगळं गाव एकत्र असण्याचा हा शेवटचा रविवार, आणि त्या दिवशी रडायची कोणाची तयारी नव्हती. बायकांनी ठरवून टाकलं — गाडीची पाठवणी करायची. लेकीची करतात तशी.

आमच्याकडे लेक सासरी निघाली की तिची गाडी, मग बैलगाडी असो नाहीतर जीप, गावच्या शिवेवर थांबतेच. नारळ फुटतो, ओटी भरली जाते, मग लेक शीव ओलांडते. वरच्या गावाची शीव नेमकी घाटमाथ्याला आहे आणि रूळ तिच्यावरून जात. तेव्हा गाडीने तिथे थांबायचं, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. मीही.

धरूनच ठेवलं नव्हतं फक्त — लिहून मोकळा झालो होतो. रविवारी जिल्ह्याचं पान लवकर लागायचं आणि डोंगरात मोबाईलला रेंज नव्हती. म्हणून मी ते केलं जे आमच्या धंद्यात बरेच जण करतात आणि कोणी कबूल करत नाही. बातमी सकाळीच लिहिली आणि पाठवून दिली. 'शिवेवर गाडी थांबताच महिलांनी तिची ओटी भरली. हलगीच्या ठेक्यावर आबालवृद्धांनी फेर धरला.' सगळी वाक्यं भूतकाळात. घडलेलं त्यातलं एकही नव्हतं.

खाणीवर पोचलो तेव्हा कंपनीच्या साहेबांचा हुकूम ऐकला. साहेब नुकतेच बदलून आलेले, घड्याळाचे पक्के. संध्याकाळी डेपोचा वीजपुरवठा कायमचा तोडणार होते. त्याआधी गाडी खाली आली नाही तर डोंगरातच अडकून पडेल. तेव्हा मध्ये कुठेही थांबायचं नाही, शिवेवर तर नाहीच. ड्रायव्हरला त्यांनी हे दोनदा बजावलं. साहेबांचं काही चुकत होतं का? नाही.

मला त्या क्षणी काय वाटलं, ते नीट सांगायला हवं. ताटं घेऊन वाट बघणाऱ्या बायकांसाठी जीव तुटला असेल? तसं लिहायला मला फार आवडलं असतं. मला बातमी आठवली. त्याच्या महिनाभर आधी मी एका पुढाऱ्याच्या सभेला प्रचंड गर्दी जमवली होती — छापील पानावर. सभा रद्द झाली होती. संपादक म्हणाले होते, पुन्हा असं झालं तर बाजारभाव लिहीत बसशील. फोन करून बातमी थांबवावी तर खाणीवरून फोन लागत नव्हता. साहेब मागच्या डब्यात बसले आणि गाडी सुटली. मी फोटोच्या निमित्ताने धोंडूमामांच्या शेजारी फळीवर उभा होतो.

मामांना खाणीतल्या लोकांनी गुलाबी फेटा बांधला होता. बांधणाऱ्याला बांधता येत नव्हतं. खाणीपासून घाटमाथ्यापर्यंतचा चढ लागला, वारा लागला, फेटा सुटत चालला.

"धरा बरं पत्रकार," मामा म्हणाले आणि दोरी माझ्या हातात दिली. "नुसती धरा. वढू नका."

फेट्याचं टोक दातात धरून ते दोन्ही हातांनी पीळ घालू लागले. पुढे शीव दिसत होती. हिरव्या-लाल साड्या, कमरेवर ताटं, हलगीवाले, झाडाला लावलेलं पताकांचं तोरण. ड्रायव्हर भोंगा वाजवत होता — बाजूला व्हा, बाजूला व्हा. बायका हसत हात हलवत होत्या. भोंगा त्यांच्या स्वागतासाठी वाजतोय, असं त्यांना वाटत होतं.

मी दोरी ओढली.

हात घसरला, धक्का बसला, असं काही झालं नाही. ओढली — खाली, अंगाचा भार देऊन. दांडी तारेवरून सुटली. इंजिनाची घरघर थांबली. चढावर गाडी चालत्या माणसाच्या वेगाने जात होती. ड्रायव्हरने हातब्रेक फिरवला आणि ती पताकांच्या खाली येऊन उभी राहिली. अगदी पताकांच्या खाली. मी मोजूनमापून ओढली असती तरी इतकं जमलं नसतं.

"कावून थांबली गं?"

"लाईट गेली आसंल."

"लाईट कशाची जाती? गिरनी आईक की!"

सगळ्यांनी कान दिला. गावातल्या पिठाच्या गिरणीचा आवाज स्वच्छ येत होता. लाईट होती. गाडी मात्र थांबली होती — शिवेवर. मग सरूआत्या म्हणून गावातली सगळ्यात वडील बाई होती, तिने कपाळाला हात लावला आणि ओरडली, "आगं, लेक आडली! न्हाई जात ती वटी भरल्याबिगर!"

त्यानंतर काय झालं, हे बातमीत आधीच छापायला गेलेलं होतं. पण माझी बातमी किती फिकी होती, ते मला तिथे कळलं. इंजिनाला हळदीचे हात उमटले. बंपरवर खण, नारळ, तांदूळ, वर बांगड्या. हलगी सुरू झाली. ड्रायव्हरच्या तोंडात कोणी जिलेबी कोंबली, बोलताही येईना त्याला. मेंढरं राखणारे खालच्या उतारावरून काठ्या उंचावत पळत आले आणि त्यांच्यामागे, कोणी बोलावलेलं नसताना, मेंढरंही आली. ऊसतोडीला जाणारे गडी रुळांवर फेर धरून नाचले. साहेब घड्याळ दाखवत होते. सरूआत्याने त्यांना विचारलं, "सायब, तुमच्या लेकीला अशीच लावून देनार का, बिननारळाची?" साहेबांना लेक होती की नव्हती, कोण जाणे. त्यांनी घड्याळाचा हात खाली घेतला. थोड्या वेळाने मी पाहिलं तर त्यांनी बूट काढले होते आणि नारळ त्यांच्याच हाताने फुटला. नारळ फुटल्यावर जी आरोळी उठली, ती खालच्या डेपोत ऐकू गेली, असं तिथले लोक आजही सांगतात.

मीही नाचलो. का नाही नाचणार? इतका आनंद मी इतक्या वर्षांच्या बातमीदारीत कुठे पाहिलेला नाही. आणि म्हणूनच मला वर्षानुवर्षं एक मोह होत आला आहे — म्हणावं, तो आनंद मी दिला. खरं तसं नाही. आनंद त्यांनी घरून आणला होता. मी माझं वाक्य वाचवत होतो.

नाच सुरू व्हायच्या आधी साहेब इंजिनामागे आले होते आणि त्यांनी विचारलं होतं, "तार कशी सुटली?"

दोरी तोवर माझ्या हातातून मामांनी परत घेतली होती. मामांनी माझ्याकडे पाहिलं. हा नवखा आहे, घाबरून ओढली गेली असेल, एवढंच त्यांच्या मनात आलं असणार. तसं त्यांनी पुढे एकदा मला बोलूनही दाखवलं. तेव्हा मात्र त्यांनी फेट्याचं टोक दातातून काढलं आणि म्हणाले, "माज्या हातून सुटली, सायब."

मी तिथे, हाताच्या अंतरावर उभा होतो. मला बोलता येत होतं. मी कॅमेऱ्याचं झाकण काढलं.

मामांनी दांडी पुन्हा तारेला लावली आणि गाडी वेळेत खाली पोचली. वीज तोडायला आलेल्या लोकांना डेपोवाल्यांनी भजी आणि चहावर बसवून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी माझी बातमी छापून आली. संपादकांनी फोन करून सांगितलं की डोळ्यांसमोर चित्र उभं राहतं.

पुढे रूळ उखडले, तारा उतरवल्या. पण दसऱ्यानंतरच्या रविवारी वरच्या गावाचे लोक आजही शिवेवर जमतात. चुली मांडतात, नारळ फोडतात, हलगी वाजते. धर्मापुरीकडे दिलेल्या लेकीसुद्धा त्या दिवसापुरत्या माहेरी येतात. ऊसतोडीला जायच्या आधीचं ते एक मोठं जेवण झालं आहे. मला दरवर्षी निरोप येतो आणि मी जातो. धोंडूमामा तिथे गोष्ट सांगतात. दरवर्षी ती थोडी वाढते. गेल्या वर्षी गाडी दोन पावलं मागे सरकली होती.

"दोरी ह्या हातात हुती," ते मूठ दाखवून सांगतात. "घट्ट. पन लेकीच्या मनात आलं तितं आपन काय करनार?"

"मामा, डुलकी लागलती म्हना की!"

"तारसोड्या मामा!"

हे नाव त्यांना त्या दिवसापासून चिकटलं. जो माणूस मयतीतसुद्धा सांगायचा की आपल्या हातून तार सुटली नाही, त्याला आता पोरं असं हाक मारतात. ते हसतात. मग माझ्याकडे बोट करतात — "पत्रकार साक्षी हायत. इचारा त्यांना, माजी चूक हुती का?" सगळे माझ्याकडे बघतात. मी मान हलवतो. दरवर्षी. त्या मान हलवण्याचा अर्थ काय होतो? हो की नाही? मी तो कधीच स्पष्ट केलेला नाही. एकदा जेवताना ते माझ्या कानाशी म्हणाले होते, "तुमी नवे हुता, हात घसरला आसंल, जाऊ द्या." तेव्हासुद्धा — आणि त्या वेळी आम्ही दोघंच होतो — मी म्हणालो, "हो मामा, घसरला."

आता एक गोष्ट उरली. ती मी मुद्दाम मागे ठेवली आहे, कारण तिच्यावर पांघरूण घालायला ना नारळ आहे ना हलगी.

डेपोत पोचल्यावर इंजिनाची दांडी शेवटची खाली घ्यायची होती. हा मान धोंडूमामांचा, असं कंपनीने आधीच जाहीर केलं होतं. मामांची बायको, दोन मुलं, सुना, नातवंडं असा सगळा परिवार नव्या कपड्यांत डेपोत येऊन बसला होता. माझ्या बातमीत ते वाक्य होतं. बातमीचा शेवटच त्यावर होता: 'ज्येष्ठ कर्मचारी धोंडिबा यांनी दांडी खाली उतरवली आणि या लाईनचा प्रवास थांबला.' शिवेवरचं वाक्य मी खरं करून घेतलं होतं. हे झालं नाही. साहेबांनी शिवेवर नारळ फोडला होता, पण तार सुटली ती सुटली. ज्याच्या हातून ती सुटली त्याला मान देता येणार नाही, असं त्यांनी डेपोत सांगितलं. मामा "बरं सायब" म्हणाले. मी दोन पावलांवर होतो. याही वेळी मला बोलता येत होतं.

बातमीची दुरुस्ती तेव्हा छापली गेली नाही. ती अशी: त्या दिवशी डेपोत दांडी खाली उतरवली, ती कंपनीच्या भांडारातल्या कारकुनाने. धोंडिबा इंजिनाच्या डाव्या बाजूला, कुटुंबासह उभे होते.