फळ्यावर नसलेलं नाव

माझा सत्कार झाला. शाल आईच्या खांद्यावर टाकली, नारळ माझ्या हातात दिला.

तालमीपुढं मांडव. अख्खी पेठ खुर्च्यांवर. तालमीचे अध्यक्ष माईकवर म्हणाले, "कायद्यापरमानं पीडितेचं नाव आमी गुप्त ठेवलंय." आणि पुढच्याच वाक्यात माझ्या वडिलांना नाव घेऊन स्टेजवर बोलावलं. सहकुटुंब.

टाळ्या पडल्या. मग त्यांनी नव्या फळ्यावरचा पडदा ओढला. त्यावर माझ्या चुलत्याचा फोटो. नाव, आडनाव, गल्ली, घर, कलम. वर लाल अक्षरात 'नराधम'. खाली अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो, चुलत्याच्या फोटोपेक्षा मोठा.

मी चौथीत असताना या चुलत्यानं माझ्यावर अत्याचार केला. याहून जास्त इथं सांगणार नाही. ते कोर्टात सांगून झालंय, त्याला शिक्षा झाली, भोगून तो सुटला. सुटल्यावर गगनबावड्याकडं राहायला गेला. फळ्यावर पत्ता मात्र आमच्या घराचा, कारण खटल्यात तोच होता. आणि त्या घरात मुलगी एकच. मी. नाव कशाला लिहायला पाहिजे?

आमच्या पेठेत तालमीचा फळा लोक पेपरच्या आधी वाचतात. कोण वारलं, कुठली टीम जिंकली, कुणाचं पोरगं फौजदार झालं. मी दहावी पास झाले तेव्हा माझंही नाव त्याच्यावर होतं. आई मुद्दाम दोनदा तिकडून गेली होती. आता ती बाजाराला मागच्या बोळातून जाते.

तुम्ही म्हणाल, स्टेजवर गेलातच कशाला? आण्णा, म्हणजे माझे वडील, अध्यक्षांच्या बांधकामावर देखरेखीला. केसच्या तारखांना गाडी अध्यक्षांचीच असायची. सगळी भावकी आमच्या दारात यायची बंद झाली, तेव्हा हा माणूस आला होता. उपकार खरे होते. त्या उपकारांनीच आमची तोंडं शिवली. त्यांनी सांगितलं, महिला सुरक्षेचा कार्यक्रम हाय, घरच्यांनी यायचं. आम्ही गेलो. धुतलेले कपडे घालून गेलो.

दुसऱ्या दिवशी दूध कट्ट्यावर रांगेत होते. पुढच्या बाईनं मागं वळून बघितलं आणि शेजारणीला म्हणाली, "व्हय की, तीच." मग आपल्या पोरीला ओढून पलीकडं उभं केलं. जणू मला काहीतरी झालंय आणि ते पोरीला लागेल. दूधवाल्यानं म्हशीची धार काढली आणि रांग सोडून पहिला पेला मला दिला. बिचारी म्हणून. त्या बाईपेक्षा त्या पेल्यानं मला जास्त जाळलं.

शिरोळहून पावणं मला बघायला येणार होते. आईनं पोहे भिजवले. ते रस्ता विचारायला तालमीपाशी थांबले आणि तिथूनच परत गेले. पोहे आम्हीच खाल्ले. 

पोलीस ठाण्यात गेले. साहेब म्हणाले, "असल्या गुन्हेगारांची नोंद आमच्यापाशी असती. तपासापुरती. गल्लीत लावा असं आमी सांगितलेलं न्हाई." मग काढा म्हटलं. तर म्हणाले, "लोकभावना हाय."

लोकभावना म्हणजे अध्यक्षांची सह्यांची मोहीम. प्रत्येक पेठेत असा फळा पाहिजे, सरकारनं यादी सगळ्यांना खुली करावी. सगळे धडाधड सह्या करत होते. मला कुणी विचारलं नाही.

मुलाणी वकीलबाईंना भेटले. अशा नोंदी कुणी बघायच्या, किती वर्षं ठेवायच्या, चौकात लावायच्या की नाही, याचे नियम मागणारा अर्ज त्या हायकोर्टाच्या सर्किट बेंचपुढं लढवत होत्या. त्यांच्याकडं आलेले सगळे गुन्हेगारांच्या घरचे. माझ्या बाजूची मी पहिलीच. बाईंनी माझं सगळं उतरवून घेतलं. मग म्हणाल्या, "नोंद करायची का, ह्यो प्रश्न येगळा. ती चौकात लावायची का, ह्यो येगळा. तू दुसरं सांगायला आलीस."

मी त्यांच्या अर्जात यायला हो म्हटलं, आणि गोष्ट फुटली. तालमीच्या जुन्या फळ्यावर खडूनं ओळ आली, 'नराधमांचा पुळका कुणाला?' पेठेला बरोबर कळलं कुणाला ते.

आणि मग चुलती आली, त्याची बायको. उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, "त्यांनी निरोप धाडलाय. पोरीनं मोठं मन केलं म्हनं."

मी उठून मोरीत जाऊन बसले. माघार घ्यावी वाटलं. अर्जात राहिले तर मी त्याच्या बाजूची. मागं हटले तर फळ्याच्या. दोन्हीकडून दार बंद. मोरीत बसूनच मला राग आला, आणि पहिल्यांदा तो स्वतःवरचा नव्हता. मी काय म्हणते ते सोडून सगळे माझ्या वतीनं बोलत होते.

वकीलबाईंना म्हटलं, "पोलिसांच्या नोंदीतनं त्याचं नाव काढू नका, असं लिवा. पयल्या पानावर."

"ते या अर्जात बसत न्हाई गं."

"बसवा. न्हाईतर सही करत न्हाई."

त्यांनी माझा वेगळा अर्ज केला.

अध्यक्ष घरी आले. आण्णा उभेच राहिले. "बाळ, फळ्यावरचा फोटो काढतो की. नाव तेवढं ऱ्हाऊ दे. अर्ज माघारी घे, पेठेच्या इज्जतीचा सवाल हाय." मग आण्णांकडं वळून, अगदी गोड आवाजात, "उद्या साइटवर येताय न्हवं?"

 मी देवघरात गेले. सत्काराचा नारळ आईनं तिथंच ठेवला होता, न फोडता. आतलं पाणी आटलं होतं. तो आणून त्यांच्या हातात दिला.

"सत्काराचा नारळ परत देत न्हाईत गं."

"मी देणार," मी म्हटलं.

आण्णांना साइटवरून बोलावणं आलेलं नाही. ते माझ्याशी कमी बोलतात. पण सुनावणीला येतो म्हणाले, आणि यावेळी सिटी बसनं जायचं ठरलंय.

फळा अजून तिथंच आहे. मी मागच्या बोळातून जायचं सोडलं. चुलत्याला माफी नाही, अध्यक्षांचे आभार नाहीत. माझ्यावर काय झालं हे कुणाला सांगायचं ते मी ठरवणार, आणि तो फळा मी उतरवून घेणार. या कोर्टात नाही झालं तर पुढच्या कोर्टात.