माझ्या डोक्यावरचे सात टाके

"मान खाली घाला ताई. टाक्यांची खूण नीट दिसली पाहिजे."

बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधला पाचवा मजला. मी स्टुलावर बसले होते. साहेब मोबाईल धरून उभे. त्यांच्या बायकोनं माझे केस बाजूला केले. बोटांनी नाही. पेनच्या टोकानं. फोटो झाला. मग तिनं ओला टिश्यू घेऊन पेन पुसलं, टोपण लावलं, टेबलावर ठेवलं. मी बघत होते. मला काहीच वाटलं नाही.

साहेब म्हणजे आमच्या संघटनेचे नेते. पुण्याचे, आयटीतले, मोठ्या पगाराचे. मी निपाणीची. महादेवपुऱ्यातल्या एका आयटी पार्कात अकरा वर्षं फरशा आणि संडास पुसते. सोबतच्या बायका मला अक्का म्हणतात. ठेकेदारानं आठवड्याची सुट्टी बंद केली तेव्हा आम्ही गेटवर बसलो. आमच्यात एक रीतच पडलेली. बोलणारा टेम्पोवर, बॅनर धरणाऱ्या बायका सगळ्यांत पुढे. का पुढे, हे मी कधी विचारलं नाही. त्या दिवशी टेम्पो रिकामा होता. साहेबांचा निरोप आला, महत्त्वाचा कॉल आहे, तुम्ही सुरू करा. आम्ही सुरू केलं. पोलिसांची लाठी चालली ती बॅनरवर. दोन्ही हात बॅनरच्या काठीला. डोकं झाकायला तिसरा हात कुठून आणणार? सात टाके पडले. वर गुन्हाही आम्हा सहा बायकांवरच.

साहेबांचं नाव त्यात नव्हतं. आता तीच त्यांची अडचण झाली. त्यांना कॅनडात राजकीय आश्रय मागायचा होता. मोबाईलवर लिहिलेल्या मजकुरावरून त्यांना धमक्या आल्या होत्या. भीती खरी असेल, मी नाही म्हणत नाही. पण तिकडच्या वकिलानं विचारलं, छळाचा पुरावा काय? पुरावा माझ्या डोक्यावर होता.

माझ्या नावाचं प्रतिज्ञापत्र तयारच होतं, इंग्रजीत. मी ओळीवर बोट ठेवून वाचलं. त्यात होतं, मोर्चा साहेबांनी पुढे राहून चालवला. लाठी त्यांच्यावर उगारली होती, त्यांना वाचवायला मी मध्ये पडले. माझ्या नावाआधी लिहिलं होतं, अशिक्षित. मी बारावी पास आहे.

"तुमचं काय जातंय ताई? सही तर करायची."

मी करणारच होते. लपवत नाही. मार खाऊन तीन महिने झाले होते आणि आतून सगळं बधिर होतं. कुणी बस म्हणालं की बसायचं, ऊठ म्हणालं की उठायचं. साहेबांनी पेन पुढे केलं.

तेच पेन. माझ्या केसांना लागलं म्हणून पुसलेलं.

आईनं हे गावात भोगलं. तिच्या ओंजळीत पाणी वरून ओतायचे. मला वाटलं होतं, समतेची गाणी म्हणणाऱ्यांच्या घरात हे नसतं. याच बाईच्या शेजारी बसून मी ती गाणी म्हटली होती.

राग आला नाही. रडूही आलं नाही. नुसता हात थांबला. मी पेन खाली ठेवलं.

"फोटो काढून टाका. माझ्यासमोर."

साहेब समजावत राहिले. चळवळ, त्याग, तिकडे गेल्यावर ते आमच्यासाठीच बोलणार होते म्हणे. बायको म्हणाली, चहा तरी घ्या. फोटो जाईपर्यंत मी उभी राहिले. मग मी म्हणाले, "मार माझा आहे साहेब. तुमची भीती तुमच्या नावावर सांगा."

लिफ्टमध्ये आरसा होता. मी केसांत बोटं घातली, टाक्यांची खूण चाचपली. तेव्हापासून भांग तिथूनच पाडते. बायका म्हणतात, अक्का, स्वल्प झाक ते, थोडं तरी. मी झाकत नाही. कोर्टाच्या तारखेलाही असाच भांग पाडून जाते.

मला कुठला देश आश्रय देणार नाही आणि मी मागणारही नाही. सोमवारी पुन्हा गेटवर बसायचं आहे. बॅनर आता सगळ्यांनी पाळीपाळीनं धरायचा, असं आम्ही बायकांनी ठरवलंय. साहेब आले तर त्यांचीही पाळी लागेल. टेम्पोवर मी चढणार आहे.