वैशाली मॅडमची दहशतवादी पीएचडी

आमच्या रोह्याच्या कॉलेजात किस्से शोधावे लागत नाहीत. वैशाली मॅडम माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात, तेवढं पुरतं. शिकवतात अर्थशास्त्र, आणि पीएचडीचा विषय काय, तर दहशतवादी गटांमधलं नेतृत्व आणि स्पर्धा! सहा वर्षं नोकरी सांभाळून बाई यातच बुडालेल्या.

पहिल्याच अर्जावर प्राचार्य घुटमळले. "मॅडम, तपासणी कमिटी येतेय. 'दहशतवादी गट' ऐवजी नुसतं 'काही गट' नाही का चालणार?"

आईचं दुखणं वेगळंच. पाहुणे बघायला यायच्या आधी ती बजावायची, "अर्थशास्त्र एवढंच सांग गो! बाकीचं लगीन झाल्यावर!"

एकदा पेणहून येताना मॅडम एसटीत वाचत होत्या. गटातली भरती, पगार, रजा, माणूस मेला तर घरच्यांना मदत, असं सगळं. शेजारी धाटावच्या कारखान्यात शिफ्टला निघालेला एकजण वाकून वाचत होता.

"मॅडम, कुठली कंपनी ही? रजाबी देतात?"

"मालक डोंगरात लपून राहतो हो!"

"आमचा तरी कुठं दिसतो!"

वडखळच्या स्टँडवर त्या फोनवर गाईडना ओरडून सांगत होत्या, "सर, समोरच्या गटाची माणसं कशी फोडतात ते कळलं. आता फक्त रेट काढायचाय!" लोक दोन पावलं मागे सरकले. एक हवालदार मात्र जवळ आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, कुठल्या पक्षाच्या?"

शेवटी तोंडी परीक्षा आली. ती सगळ्यांना खुली असते, म्हणून आम्ही गेलो, गावाहून मॅडमचे धाकटे काकाही आले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "म्होरक्या मेला की हिंसा थांबायला हवी. मग ती उलट का वाढते?"

यावर अख्खं प्रकरण लिहिलेल्या मॅडम नुसती प्रबंधाची पानं उलटत बसल्या!  सहा वर्षं पाण्यात जाणार असंच वाटलं.

तेवढ्यात मागून काका उठले. "सायब, आमच्या गावात कबड्डीची एकच टीम व्हती. कॅप्टन वारला, चार झाल्या. पोरं आपल्याकडं यावीत म्हनून जो तो जास्त राडा करतो. पयले सामने व्हायचे, आता नुसती डोकी फुटतात."

"सर, हेच!" मॅडमना वाचा फुटली. पुढची वीस मिनिटं त्या थांबल्याच नाहीत.

परीक्षक रिपोर्टवर सही करता करता म्हणाले, "काका, त्या चार टीम परत एक नाही का होणार?"

"व्हतील की! बाकीच्या तिघा कॅप्टनांनाबी सांगून आलोय. फकस्त कॅप्टन मी!"