चुंबळ
ओल्या सुती फडक्याचा वास आला की मला घागरीखाली डोक्यावर ठेवायची चुंबळ आठवते, आणि धाकट्या जावेचा हेवा नव्यानं पेटतो. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेरीच्या पाट्या नव्या, नळ मात्र कोरडे. त्या दुष्काळात आम्ही दोघी जावा टॉकीजमध्ये एक हिंदी सिनेमा बघायला गेलो. त्यातली बाई शेवटी चारचौघांत नवऱ्याला जाब विचारते. मी शिकलेली, म्हणून लेडीजच्या बाकड्यावर बसून जावेला बाईचे हक्क समजावत होते. ती आपली निवांत शेंगा फोडत होती. दुसऱ्या दिवशी टँकर आला. आठ घागरी वाहिल्यावर तिनं डोक्यावरची चुंबळ काढली, ओट्यावर बसलेल्या नवऱ्यापुढं धरली आणि म्हणाली, “आता चार तुमी आना. माझी मान लई दुखायलीय.” सगळी गल्ली बघत होती. माझा दीर लाजला, हसला, आणि खरंच चुंबळ डोक्यावर ठेवून घागर घेऊन निघाला. गड्याच्या डोक्यावर चुंबळ आमच्या गल्लीनं पहिल्यांदाच पाहिली. आमचे हे बाजेवर पेपर वाचत पडले होते. मी माझी चुंबळ पिळली, पुन्हा डोक्यावर ठेवली आणि गेले. असा जळफळाट झाला की दोन दिवस मी जावेशी बोलले नाही. आता मी कॉलेजांमधून हिंदी सिनेमातल्या बायांवर व्याख्यानं देते. परवा हा किस्सा सांगितला, खूप टाळ्या पडल्या. नवऱ्यापुढं चुंबळ धरणारी ती बाई मीच, असं सांगून आले.