छातीवरचं मलम

परदेशातल्या डॉक्टरांना ऑनलाइन शिकवायला लागले आणि मला चांगल्या क्लिपांची हाव सुटली. मी सोलापुरात लहान मुलांच्या आयसीयूत डॉक्टर आहे. खाटेपाशीच सोनोग्राफीचं छोटं मशीन लावून हृदय, फुप्फुसं बघते. जिथं मोठी यंत्रं नाहीत तिथल्या डॉक्टरांना तेच शिकवते. पुण्यकर्म म्हणून मिरवायचेही.

मोहोळकडची एक दीड वर्षाची मुलगी आली. हृदय पार दमलेलं. मशीन लावलं, दोन मिनिटांत हवं ते कळलं, औषध बदललं. तिथंच थांबायला हवं होतं. पण असं हृदय शिकवायला क्वचित मिळतं, म्हणून क्लिप घेत राहिले. मुलगी आईकडे जायला हात पसरत होती, त्यानं चित्र हलत होतं. मी आईला म्हटलं, जरा घट्ट धरा.

तिनं धरलं. मशीनखाली लावायचं जेल तिला मलम वाटत होतं. घरी छातीला तेल चोळतात तसं इथं मशीननं चोळतात, अशी तिची समजूत. जेल गार लागतं म्हणून तिनं आधीच बाटली पदराखाली धरून ऊब दिली होती. "मलम लागू पडंल न्हवं?" तिनं विचारलं. पडद्यावरची नजर न काढता मी हो म्हटलं. आणखी पाच-सात मिनिटं गेली.

संध्याकाळी मुलीला श्वासाचं मशीन लागलं, मग आईनं मांडीवर घेणं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. माझ्या क्लिपमुळं नाही, एवढं मला कळतं. पण आईकडे जायची तिची ती शेवटची धडपड होती आणि ती मी आईच्याच हातांनी दाबून ठेवली.

निघताना आई माझ्यापाशी आली. चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, हिला कळलं. तिनं हात जोडले.

"लई येळ चोळलं तुमी, म्याडम. इतकं कोण करतंय?"

मीही हात जोडले. खरं सांगून तिचं दुःख कशाला वाढवायचं, असं स्वतःला समजावते. खरं म्हणजे मी भ्याले.

क्लिप पुसलेली नाही. परवाच्या वर्गातही दाखवली. एकानं विचारलं, एवढं लहान मूल, मग चित्र इतकं स्थिर कसं? मी म्हटलं, सराव. आईनं धरून ठेवलं होतं, हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.